उडी नव्हे, पाऊल

१९०० साली पॅरिसमध्ये भरलेल्या ऑलिंपिकमध्ये ॲल्विन क्रेन्झलाइन या अमेरिकन खेळाडूने तीन दिवसांत चार विजेतेपदे मिळवली : ६० मीटर धावणे, ११० मीटर अडथळे, २०० मीटर अडथळे आणि लांब उडी. चारही वैयक्तिक. त्यानंतर जेसी ओवेन्स, फॅनी ब्लँकर्स-कोएन आणि कार्ल लुईस यांनी एकाच ऑलिंपिकमध्ये चार ॲथलेटिक्स सुवर्णे जिंकली, पण त्या प्रत्येकाच्या चौथ्या पदकात रिले संघाचा वाटा होता. एकट्याच्या बळावर मैदानी खेळांत एका ऑलिंपिकमध्ये चार विजेतेपदे हा क्रेन्झलाइनचा पराक्रम सव्वाशे वर्षांनंतरही अबाधित आहे. त्याची आठवण निघते ती बहुधा याच आकड्यामुळे. या लेखाचे म्हणणे मात्र असे, की हा आकडा त्याच्या कामगिरीतला सर्वांत कच्चा भाग आहे. त्याने खेळाला दिलेली टिकाऊ गोष्ट पदकांच्या यादीत दिसत नाही. अडथळ्यांची शर्यत ही दहा उड्यांची मालिका नसून ती वेगाची धाव आहे, आणि ही धाव शिकता व शिकवता येते, हे त्याने घड्याळाच्या काट्यावर सिद्ध करून दाखवले. आज जगातला प्रत्येक हर्डलर ज्या पद्धतीने अडथळा पार करतो, तिची पहिली मोठी परीक्षा क्रेन्झलाइनने दिली.

हे समजण्यासाठी आधीची स्थिती पाहायला हवी. अडथळ्यांची शर्यत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळा-महाविद्यालयांत आकाराला आली. मेंढ्यांच्या कुरणांत वापरली जाणारी लाकडी कुंपणे मैदानात रोवायची आणि ती ओलांडत धावायचे, असे तिचे मूळ रूप. १८६४ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात पहिला मैदानी सामना झाला, तेव्हा १२० यार्ड अडथळे ही त्यातली एक शर्यत होती. पुढे मापे पक्की झाली : साडेतीन फूट म्हणजे १.०६७ मीटर उंचीचे दहा अडथळे, आरंभरेषेपासून पहिल्या अडथळ्यापर्यंत १५ यार्ड, दोन अडथळ्यांमध्ये १० यार्ड आणि शेवटच्या अडथळ्यानंतर पुन्हा १५ यार्ड. आजच्या पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीतही अडथळ्याची उंची आणि दोन अडथळ्यांमधले ९.१४ मीटर अंतर हे त्या यार्डांतूनच आलेले आहे. पण या अडथळ्याला सामोरे जाण्याची तेव्हाची रीत वेगळी होती. धावत यायचे, दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, धड जवळजवळ ताठ ठेवून अडथळ्यावरून तरंगत जायचे आणि पलीकडे उतरून पुन्हा वेग पकडायचा. यात खेळाडूंची भीती समजण्यासारखी होती. कुंपण जमिनीत रोवलेले असेल तर पाय अडकणारा माणूस तोंडावर आपटणार हे ठरलेले. पुढे सुटे अडथळे आले, तरी तेही जड आणि सहजी न कलणारे होते. त्यामुळे अडथळ्यापासून हातभर वर राहण्यातच शहाणपण मानले जाई.

क्रेन्झलाइनने ही रीत बदलली. अडथळ्याजवळ येताच तो पुढचा पाय जवळजवळ सरळ करून अडथळ्याच्या वरच्या पट्टीवरून पुढे टाकायचा, धड मांडीकडे झुकवायचा, आणि मागचा पाय बाजूने वळवून पुढे आणायचा. पुढचा पाय पलीकडे टेकेपर्यंत मागचा पाय पुढच्या पावलासाठी तयार असे. त्यामुळे अडथळा पार करण्याची क्रिया धावण्यातलेच एक मोठे पाऊल होऊन गेली. दोन अडथळ्यांमधल्या ९.१४ मीटरचा हिशेब इथे महत्त्वाचा ठरतो. आजचा कसलेला हर्डलर अडथळ्याच्या सुमारे दोन मीटर आधी पाय उचलतो आणि पलीकडे मीटर-सव्वा मीटरवर टेकतो. उरलेले अंतर तीन पावलांत कापावे लागते, कारण तीन पावले पडली की प्रत्येक अडथळ्याला तोच पाय पुढे येतो. उतरताना तोल गेला, पाय वाकला किंवा क्षणभर थांबावे लागले, तर पुढची तीन पावले आखूड पडतात आणि पुढचा अडथळा दूर राहतो. सरळ पायाच्या पद्धतीचा खरा फायदा म्हणूनच अडथळ्यावर जितका आहे तितकाच अडथळ्यानंतर आहे. ती धावपटूला धावत्या स्थितीत जमिनीवर परत आणते.

शाळेतल्या भौतिकशास्त्राने हा फायदा तपासून पाहता येतो. उडीत शरीराचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर वर गेला, तर वर जाऊन परत त्याच पातळीला यायला सुमारे ०.४९ सेकंद लागतात. २० सेंटिमीटर वर गेला तर सुमारे ०.४० सेकंद. एका अडथळ्यामागे हा फरक सेकंदाच्या अकराव्या भागाएवढा आहे, आणि अडथळे दहा आहेत. यावर एक रास्त आक्षेप येतो : हवेत असतानाही धावपटू पुढे सरकतच असतो, मग तो वेळ वाया कसा गेला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. हवेतला सगळा वेळ वाया जात नाही. पण हवेत असलेल्या माणसाला जमीन मागे रेटता येत नाही, म्हणजे वेग वाढवता येत नाही. शिवाय जास्त उंच जाण्यासाठी पाय उचलताना जमिनीवर जास्त जोर द्यावा लागतो, आणि त्यात पुढे जाण्याच्या वेगाचा काही भाग वर जाण्यात खर्च होतो. उंचावरून उतरणाऱ्या शरीराचा धक्काही पायाला जास्त सोसावा लागतो. असे तीन ठिकाणी थोडे थोडे नुकसान होते आणि ते दहा वेळा होते. धड झुकवले की गुरुत्वमध्य फारसा न उचलता पाय आणि कंबर पट्टीवरून निघून जातात, हे या पद्धतीचे मर्म आहे. पंधरा सेकंदांच्या शर्यतीत इतकी बचत म्हणजे जिंकणे आणि हरणे यांतले अंतर होय.

ज्या माणसाने हे करून दाखवले त्याचा जन्म १२ डिसेंबर १८७६ चा. घराणे जर्मन वंशाचे, आणि बालपण मिलवॉकी या जर्मन वस्तीच्या शहरात गेलेले. आधी तो विस्कॉन्सिन विद्यापीठात होता. तिथून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी तो फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आला, आणि त्याला माइक मर्फी हा त्या काळातला नावाजलेला प्रशिक्षक लाभला. सुमारे सहा फूट उंची, लांब पाय, छोट्या पल्ल्याचा वेग आणि लांब उडीची झेप, असे सगळे त्याच्याकडे होते. १८९८ मध्ये त्याने १२० यार्ड अडथळे १५.२ सेकंदांत आणि २२० यार्ड कमी उंचीचे अडथळे २३.६ सेकंदांत पार केले. पहिला विक्रम १९०८ मध्ये फॉरेस्ट स्मिथसनने लंडन ऑलिंपिकमध्ये १५ सेकंदांची वेळ दिली तोपर्यंत कोणाला मागे टाकता आला नाही. दुसरा तर जवळपास पाव शतक टिकला. १८९९ मध्ये त्याने लांब उडीतही ७.४३ मीटरचा जागतिक विक्रम केला होता. पॅरिसला जाण्याआधीच तो जगातला अव्वल हर्डलर होता, याला हे आकडे साक्ष आहेत.

पॅरिसमधली परिस्थिती मात्र विक्रमांना पोषक नव्हती. ऑलिंपिकच्या मैदानी स्पर्धा जागतिक प्रदर्शनाच्या जोडीला भरल्या होत्या आणि बुआ द बुलोन्यच्या वनराईतल्या क्लबच्या मैदानावर झाल्या. राखेची बांधीव धावपट्टी नव्हती. धावायचे ते गवतावर, आणि जमीन सगळीकडे सपाट नव्हती. १४ जुलैला ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत त्याचा देशबांधव जॉन मॅक्लीन जोरात पुढे सुटला होता. क्रेन्झलाइनने त्याला गाठून १५.४ सेकंदांत शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी ६० मीटर ७ सेकंदांत आणि लांब उडी ७.१८५ मीटरवर. १६ जुलैला २०० मीटर अडथळे २५.४ सेकंदांत. या आकड्यांतून एक तुलना करता येते. त्या गवतावर अडथळ्यांविना ६० मीटर धावताना त्याचा सरासरी वेग सेकंदाला ८.६ मीटरच्या आसपास होता, आणि दहा उंच अडथळ्यांसह ११० मीटरमध्ये तो ७.१ मीटरवर आला. २०१२ मध्ये ॲरिस मेरिटने ११० मीटर अडथळे १२.८० सेकंदांत पार केले, तेव्हा त्याचा सरासरी वेगही सेकंदाला ८.६ मीटरच होता. सुरुवातीला वेग पकडण्याचा वाटा लहान शर्यतीत जास्त असतो, हे धरूनही यातून दिशा स्पष्ट होते. शतकभरात हर्डलिंगची प्रगती म्हणजे मोकळी धाव आणि अडथळ्यांवरची धाव यांतले अंतर कमी करत जाणे होय. ती दिशा क्रेन्झलाइनने दाखवलेली आहे.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. क्रेन्झलाइन मुळातच वेगवान होता. ज्याने ६० मीटरची शर्यत जिंकली तो अडथळ्यांतही जिंकणारच; मग श्रेय पद्धतीला का द्यायचे? याचे उत्तर त्याच स्पर्धेच्या निकालांत आहे, आणि त्यात भारताचाही संबंध येतो. २०० मीटर अडथळ्यांत क्रेन्झलाइनच्या मागे दुसरा आला तो कोलकात्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड, आणि तिसरा अमेरिकेचा वॉल्टर ट्यूक्सबरी. सहा दिवसांनी २०० मीटरच्या मोकळ्या शर्यतीत ट्यूक्सबरी २२.२ सेकंदांत पहिला आला आणि प्रिचर्ड त्याच्यामागे दुसरा. म्हणजे तेच दोन धावपटू आणि तेच अंतर. अडथळे असताना प्रिचर्ड पुढे आणि अडथळे काढल्यावर ट्यूक्सबरी पुढे. ट्यूक्सबरी अडथळ्यांत नवखाही नव्हता, त्याच स्पर्धेत त्याने ४०० मीटर अडथळे जिंकले होते. ६० मीटरमध्येही तो क्रेन्झलाइनच्या अगदी निकट दुसरा आला होता. दोन शर्यतींच्या निकालांवरून अंतिम सिद्धांत मांडता येत नाही; थकवा, नशीब, जमीन यांचाही वाटा असतो. तरीही निष्कर्ष टाळता येत नाही, की अडथळ्यांच्या धावेत मोकळ्या वेगाखेरीज आणखी काही असते, आणि ते काही म्हणजे लय आणि पद्धत. क्रेन्झलाइनचा वेग हे त्याचे भांडवल होते. ते भांडवल दहा अडथळ्यांवर सांडू न देण्याची युक्ती त्याच्या तंत्रात होती.

प्रिचर्डबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. सेंट झेवियर्स कॉलेजचा हा विद्यार्थी बंगालमधला नामांकित धावपटू होता. पॅरिसच्या आठवडाभर आधी लंडनच्या राष्ट्रीय स्पर्धेत १२० यार्ड अडथळ्यांतही तो क्रेन्झलाइनच्या मागे दुसरा आला होता. तो भारताचा की ब्रिटनचा यावर वाद आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती त्याची दोन रौप्यपदके भारताच्या खात्यात धरते, तर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नोंदी त्याला ब्रिटनचा मानतात. पुढे तो अभिनेता होऊन हॉलिवूडच्या मूकपटांत गेला. वाद कसाही सुटो, भारताच्या नावावर असलेल्या पहिल्या दोन ऑलिंपिक पदकांपैकी एक अडथळ्यांच्या शर्यतीतले आहे आणि ते मिळाले तेव्हा पुढे एकटा क्रेन्झलाइन होता, ही गोष्ट आपल्या क्रीडा-इतिहासात अधिक ठळकपणे सांगायला हवी.

दुसरा आक्षेप असा की ही पद्धत क्रेन्झलाइनची नव्हतीच. १८८६ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या आर्थर क्रूमने सरळ पाय पुढे टाकून अडथळे ओलांडले होते, असे क्रीडा-इतिहासकार सांगतात. हे खरे मानायला हरकत नाही, आणि क्रूमचे श्रेय त्याला मिळायलाच हवे. पण कल्पना सुचणे आणि ती खरी आहे हे सगळ्यांना मान्य करायला लावणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. क्रूमच्या प्रयोगानंतर दहा-बारा वर्षे हर्डलर मंडळी बहुतांशी जुन्याच रीतीने तरंगत राहिली. क्रेन्झलाइनने विक्रम केले, अमेरिकेतल्या मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्या, इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९०० आणि १९०१ अशी लागोपाठ दोन वर्षे अडथळ्यांचे विजेतेपद घेतले, आणि त्यानंतर सरळ पाय न टाकणारा हर्डलर मागासलेला दिसू लागला. साधनांचा विचार केला तर त्याचे धाडस आणखी उठून दिसते. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा, धक्का लागताच पुढे कलणारा आजचा अडथळा १९३० च्या दशकात आला. त्याआधी बराच काळ अडथळा पाडणाऱ्याचा विक्रम ग्राह्य धरला जात नसे. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळे जिंकणाऱ्या बॉब टिस्डॉलची विक्रमी वेळ एक अडथळा पडल्यामुळे विक्रम म्हणून नोंदली गेली नाही. जड लाकडावरून बोटभर अंतर ठेवून पाय नेण्याचे काम क्रेन्झलाइन अशा काळात करत होता.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि त्याला वळसा घालणे अप्रामाणिक ठरेल. लांब उडीत सिराक्यूज विद्यापीठाचा मायर प्रिन्स्टीन शनिवारच्या पात्रता फेरीत ७.१७५ मीटर उडी मारून आघाडीवर होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ७.५० मीटरची उडी मारून त्याने जागतिक विक्रम आपल्या नावावर केला होता. अंतिम फेरी रविवारी आली. त्याच्या मेथडिस्ट पंथीय विद्यापीठाने रविवारी खेळायला मनाई केली, आणि स्वतः ज्यू असूनही प्रिन्स्टीनने ती पाळली. क्रेन्झलाइन रविवारी मैदानात उतरला, त्याने आपल्या सगळ्या उड्या मारल्या आणि एका सेंटिमीटरने विजेतेपद घेतले. क्रेन्झलाइनही रविवारी उतरणार नाही अशी प्रिन्स्टीनची समजूत होती. संतापून त्याने क्रेन्झलाइनला ठोसा मारला, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. नियमांनुसार विजय निर्विवाद होता, कारण पात्रता फेरीची उडी अंतिम निकालात धरली जात होती आणि खेळायचे की नाही हे पेनसिल्व्हेनियाने खेळाडूंवर सोडले होते. पण प्रतिस्पर्धी बांधलेला असताना मिळवलेले विजेतेपद समान संधीतल्या विजेतेपदाच्या तोलाचे नसते. प्रिन्स्टीनने दुसऱ्याच दिवशी तिहेरी उडी जिंकली आणि १९०४ मध्ये लांब उडीचे ऑलिंपिक विजेतेपदही मिळवले, यावरून तो कोणत्या दर्जाचा खेळाडू होता हे दिसते. चार या आकड्याला मी सर्वांत कच्चा भाग म्हटले, त्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण स्पर्धेच्या व्याप्तीत आहे. पॅरिसला बहुतेक देशांचे मोजकेच खेळाडू आले होते, आणि ६० मीटर व २०० मीटर अडथळे या शर्यती ऑलिंपिकमध्ये १९०० आणि १९०४ अशा दोनच वेळा झाल्या. आजचा वेगवान धावपटू या दोन्ही शर्यती ऑलिंपिकमध्ये धावूच शकत नाही. त्यामुळे चार वैयक्तिक सुवर्णांचा विक्रम टिकण्यात कार्यक्रमपत्रिकेचाही हात आहे. हे सगळे मान्य केले तरी अडथळ्यांतली त्याची थोरवी उणी होत नाही, कारण तिचा आधार पॅरिसच्या प्रतिस्पर्ध्यांवर नाही. १८९८ च्या वेळांशी पुढच्या दहा वर्षांत जगभरच्या धावपटूंनी झुंज दिली, आणि तेवढा काळ त्या वेळा टिकल्या.

ही पद्धत शिकवता येते, यावर त्याच्या समकालीनांचाही विश्वास होता, याचा पुरावा त्याच्या उत्तरायुष्यात मिळतो. स्पर्धा सोडल्यावर तो दंतवैद्य झाला, पण त्या व्यवसायात फार रमला नाही. मर्सर्सबर्ग अकॅडमीत त्याने मुलांना शिकवले, आणि १९१० पासून मिशिगन विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षण सांभाळले. मिशिगनच्याच राल्फ क्रेगने १९१२ मध्ये स्टॉकहोमला १०० आणि २०० मीटर जिंकले. १९१६ चे ऑलिंपिक बर्लिनला ठरले होते. यजमान म्हणून आपला संघ तयार करायला जर्मनीने कार्ल डीम यांना अमेरिकन प्रशिक्षण पाहायला पाठवले, आणि १९१३ मध्ये क्रेन्झलाइनलाच आपल्याकडे बोलावून घेतले. उपजत देणगी एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. जर्मनीने मागवली ती पद्धत, आणि ती पद्धत दुसऱ्यांच्या पायांत उतरवण्याचे कसब. १९१४ मध्ये युद्ध पेटले, बर्लिनचे ऑलिंपिक झालेच नाही, आणि तो मायदेशी परतला. युद्धकाळात त्याने अमेरिकन सैन्यात शारीरिक प्रशिक्षणाचे काम केले, पुढे क्यूबातही खेळाडू घडवले. ६ जानेवारी १९२८ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे इथे हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो अवघा ५१ वर्षांचा होता.

त्याच्यानंतर तंत्र थांबले नाही. हातांची ठेवण बदलली, धड आणखी झुकले, धावपट्टी राखेची आणि मग कृत्रिम झाली, अडथळे हलके झाले. १५.२ पासून १२.८० पर्यंतच्या प्रवासात प्रत्येक पिढीने आपली भर घातली. पण प्रश्न तोच राहिला : मोकळ्या धावेच्या तुलनेत अडथळ्यांवर किती वेळ गमवायचा? २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेने फिनलंडमध्ये ११० मीटर अडथळे १३.४१ सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला, तोही १.०६७ मीटर उंचीच्या दहा अडथळ्यांवर, दर दोन अडथळ्यांत तीन पावले टाकत. आपल्याकडे अनेकदा असे समजले जाते, की धावण्याच्या खेळात देणगी असावी लागते आणि बाकी सगळे मेहनतीने होते. हर्डलिंगचा इतिहास या समजुतीला पुरेसे उत्तर देतो. यात देणगी लागते, मेहनतही लागते, पण या दोहोंच्या मधोमध ज्ञान लागते : पाय कुठून उचलायचा, धड किती झुकवायचे, तिसरे पाऊल कुठे पडले पाहिजे. हे ज्ञान शिक्षकाकडून शिष्याकडे जाते आणि त्यासाठी अडथळे, सपाट जमीन आणि जाणता प्रशिक्षक मुलाला वाढत्या वयातच मिळावे लागतात. म्हणून क्रेन्झलाइनचे नाव घेताना चार सुवर्णांच्या आधी त्याने रूढ केलेली पद्धत सांगावी, आणि तिच्या शेजारी क्रूम व मर्फी यांचीही नावे घ्यावीत. शाळकरी वयाच्या मुलाला अडथळ्यावर नीट पाऊल टाकायला शिकवणारा जाणता माणूस गावोगावच्या मैदानांवर उभा राहिला, तर त्या पद्धतीचा लाभ आपल्यालाही पुरतेपणी मिळेल.